नव्या पुस्तकात न बसणारा मशालजी

आमच्या वन्सं तोंडात टाचण्या धरून भांडतात. भांडण टाचण्यांच्या फटीतून बाहेर येतं, त्यामुळे प्रत्येक शब्दाला टोक असतं, आणि समोरच्याला सारखी धास्ती वाटते की ही बाई आता एखादी टाचणी गिळणार. गिऱ्हाइकं त्या धास्तीनेच अर्धी हरतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमचं वाजलं आणि मी हरले. तेव्हापासून आमचं चांगलं जमतं.

वन्सं म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. वयाने माझ्याहून लहान, पण मान मोठा, आणि तो मान त्या मागत नाहीत, गृहीतच धरतात. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं कपडे आल्टर करायचं दुकान आहे. दुकान कसलं, एक अरुंद खोली. दाराशी मशीन, भिंतीला आरसा, कोपऱ्यात घालून बघायला पडदा, आणि दोरीवर परक्या माणसांच्या पँटी लटकलेल्या. नवे कपडे त्या शिवत नाहीत. बापाचा कोट मुलाला बसवायचा, अंग सुटलेल्या माणसाची पँट कमरेत सैल करायची, थोरलीचा फ्रॉक धाकटीच्या मापाचा करायचा, असली कामं. कुणी कौतुकाने म्हणालं की जुनं ते सोनं, तर वन्सं भडकतात. "सोनं असतं तर गुडघ्यात विरलं असतं का? जुनं ते जुनं. अंगाला बसवलं तर कामाचं, नाहीतर पोतेरं."

हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यावरून पुष्कळांचा असा समज झाला की वन्सं जुन्याला चिकटून बसणाऱ्यांतल्या आहेत. त्या कशालाच चिकटून बसत नाहीत. सगळं उसवून बघतात.

आता खेळाचं. सुट्टीच्या दुपारी आम्ही एक खेळ खेळतो, आणि तो पोराटोरांचा नाही. टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि आपलं पात्र काय करतंय ते बोलून दाखवायचं. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. कुणाला काय येतं आणि काय येत नाही, याचं नियमांचं जाडजूड पुस्तक असतं. आमच्या सूत्रधार अर्थातच वन्सं. आमचे हे सरदार होतात. घरात पाल दिसली की खुर्चीवर चढणारा हा माणूस टेबलावर राक्षसाच्या अंगावर एकटा धावून जातो. मी संसाराला साक्षी असल्यामुळे गप्प बसते. मी स्वतः चोर आहे. मला चोर का केलं हे वन्संनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

चौथे कंपाउंडर. पलीकडच्या रस्त्यावर डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथल्या खिडकीत ते सारा जन्म उभे आहेत. पुड्या बांधायचे दिवस कधीच गेले, आता ते नुसत्या गोळ्यांच्या पट्ट्या कातरून देतात, पण नाव राहिलं ते कंपाउंडरच. डॉक्टर त्यांच्यावर ओरडतात, पेशंट ओरडतात, औषध आणून देणारे ओरडतात. सगळ्यांना ते एकच उत्तर देतात: "हो." पहिल्यांदा आमच्या टेबलावर आले तेव्हा वन्संनी विचारलं, काय होणार, योद्धा, मांत्रिक की आणखी कुणी? ते बराच वेळ पुस्तक चाळत बसले आणि म्हणाले, "मारामारी मला जमायची नाही. उजेड धरणारा कुणी असतो का?"

हसू आलं आम्हाला. पण त्यांनी समजावून सांगितलं. वीज गेलेली असताना जखमेला टाके घालायची वेळ आली, तर बॅटरी त्यांच्या हातात असते. "हात हलू द्यायचा नाही, एवढं मला येतं," म्हणाले.

आणि पुस्तकात तसा एक होता. शेवटच्या पानांत, कुणी ढुंकूनही बघत नाही अशा जागी, मशालजी. त्याच्याकडे हत्यार नाही, मंत्र नाही. तेलाची मशाल धरून उभं राहायचं. तिच्या उजेडात जे लढतील त्यांच्या फाशात दोनाची भर. बस्स. कंपाउंडरांनी तो घेतला आणि मग वर्षानुवर्षं दुसरा कुणी घेतलाच नाही. भुयारं, बुडालेली गावं, शापित किल्ले, सगळीकडे ते आमच्या मधोमध मशाल धरून उभे. ह्यांचा सरदार तीनदा मेला आणि दर वेळी त्याच्या जागी त्याचा भाऊ आला. मशालजी पहिलाच.

एक बारीक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या पुस्तकात प्रत्येक पात्राला 'भीती' नावाचा एक आकडा असे. संकट समोर आलं की फासा टाकायचा. फाशावर भीतीपेक्षा मोठा आकडा पडला तर पात्र उभं राहिलं, नाहीतर पळालं. म्हणजे भीतीचा आकडा जितका लहान, तितकी छाती मोठी. सरदाराची भीती सात, माझ्या चोराची बारा, आणि मशालजीची दोन. सबंध पुस्तकात याहून लहान भीती कुणाची नव्हती. हे आमच्यात इतकं रुळलं होतं की रस्त्यात कंपाउंडर दिसले की हे लांबूनच दोन बोटं वर करायचे, आणि कंपाउंडर लाजायचे.

आम्ही खेळायचो ते खेळण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. दुकानदार म्हातारा झाला, त्याने गल्ला जावयाच्या हाती दिला, आणि नवी विटी नवं राज्य सुरू झालं. जावई म्हणजे दहावा ग्रह असं म्हणतात ते उगीच नाही. पण खरं सांगायचं तर हा ग्रह वाईट नव्हता. त्याने खोलीला रंग दिला, डुगडुगणारं टेबल बदललं, पंखा बसवला. आणि खेळाची नवी आवृत्ती आणली.

पुस्तक देखणं होतं, तेही कबूल करते. गुळगुळीत पानं, रंगीत चित्रं, नियम सुटसुटीत. जावयाने भिंतीवर पाटी लावली की या खोलीत यापुढे फक्त नवी आवृत्ती, जुन्या पुस्तकातलं काही चालणार नाही. "तसं नाही केलं तर गोंधळ होतो, ताई," तो वन्संना म्हणाला. "एक जण जुना नियम काढतो, दुसरा त्याहून जुना, आणि नवीन आलेली माणसं उठून जातात. मागच्या सुट्टीला दोघं उठून गेली."

यात खोटं काही नव्हतं. आमचे हे जुने नियम काढून तासतासभर वाद घालतात, हे मी घरीही भोगते.

"सरदार आहे ना त्यात?" ह्यांनी विचारलं. सरदार होता, चित्रासकट. चोरही होता, फक्त आता त्याला 'छायाचर' म्हणायचं. माझी बढती झाली. कंपाउंडरांनी चष्मा लावला आणि पुस्तकातली पात्रांची यादी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली. मग शेवटची पानं बघितली.

"मशालजी काढून टाकलाय," जावई म्हणाला. "आता काय आहे काका, प्रत्येकाला उजेडाचा मंत्र येतो. पहिल्या पायरीपासून. त्यामुळे त्याची गरजच राहिली नाही. तुम्ही दुसरं काहीतरी घ्या ना, पुष्कळ आहेत. धनुर्धर घ्या."

कंपाउंडरांनी पुस्तक मिटून दोन्ही हातांनी त्याच्यापुढे सरकवलं. "हो," म्हणाले.

त्या 'हो'चा मला असा राग आला की सांगता सोय नाही. माणसाने एकदा तरी 'नाही' म्हणावं. त्या दुपारी ते धनुर्धर झाले, नेम चुकवत राहिले, आणि मधेच म्हणाले, "तुम्ही खेळा, मी बघत बसतो." पुढच्या सुट्टीला आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

मी म्हटलं, त्यात काय एवढं, खाली वन्संच्या दुकानात खेळू. मशीन सरकवलं की चार खुर्च्या बसतात. जुनं पुस्तक आपलं, मशालजी आपला, जावई गेला उडत. वन्संनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या. टाचण्या काढून बोलतात तेव्हा ते भांडण नसतं, निकाल असतो.

"आपण उठून आलो तर ते येतील असं वाटतं तुम्हाला, वहिनी? त्यांच्यापायी सगळ्यांना उठावं लागलं, हे मनात घेऊन तो माणूस माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. त्यांना त्याच खोलीत, त्याच टेबलावर, मशालजी म्हणूनच बसवायचं. नव्या पुस्तकासकट."

आणि त्या चपला घालून थेट दवाखान्यात गेल्या. मी मागोमाग, कारण असलं काही मी चुकवत नाही. खिडकीपुढे खोकणाऱ्यांची रांग होती. वन्सं रांगेत उभ्या राहिल्या, नंबर आला तेव्हा खिडकीत वाकल्या.

"सुट्टीला का आला नाहीत?"

"मी आता त्यात बसत नाही, ताई," कंपाउंडर गोळ्या कातरत म्हणाले. "चालायचंच. नवीन पुस्तक आहे."

"कपडा बसत नसेल तर मी गिऱ्हाइकाला बारीक व्हायला सांगत नाही. मशालजी मी बसवून देते. तुम्ही यायचं."

आतून डॉक्टर ओरडले, मागून रांग ओरडली. कंपाउंडर "हो" म्हणाले, पण ते नक्की कुणाला म्हणाले ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

मग वन्संनी नवं पुस्तक विकत आणलं आणि कापायच्या टेबलावर जुन्याशेजारी उघडून ठेवलं. गिऱ्हाइकाची पँट उसवताना जसं शिवणीला नख लावून बघतात, तसं त्या नियम बघायच्या. चहा द्यायला गेले की मला ऐकावं लागायचं. एकदा म्हणाल्या, "शिवण सुबक आहे हो याची. जुन्यापेक्षा पुष्कळ बरी. पण माया ठेवलेली नाही."

शिवणारी माणसं शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढे अंग वाढलं तर कपडा सैल करता यावा म्हणून. तयार कपड्यांत ती हल्ली नसते, कापड वाचतं. जुन्या पुस्तकात नियमानियमांच्या मधे अशी माया होती; पुष्कळ गोष्टी सूत्रधारावर सोडलेल्या असत, आणि तिथूनच आम्ही एवढी वर्षं काय काय सैल केलं होतं. नव्यात सगळं अंगाबरोबर कापलेलं.

"मग आता?" मी विचारलं.

"माया नसली की कळी घालायची, शिवण उसवून मधे तिकोनी तुकडा. त्याच कापडाची."

त्यांनी तेच केलं. जुन्या पुस्तकातला एकही नियम उचलून नव्यात चिकटवला नाही. नव्याच पुस्तकातली कापडं घेतली. त्यात प्रत्येक पात्राला एक 'साधन' लागतं; ते हत्यारच असलं पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. वन्संनी साधनाच्या जागी 'मशाल' लिहिलं, इजा शून्य. शून्य इजेच्या साधनाला साथीदारांच्या फाशात दोनाची भर घालता येते, हा नियम एका ढोलाच्या चित्राखाली होता, तो घेतला. सगळे जुने आकडे नव्या मापात आणले. नव्या पुस्तकात 'भीती' गेली होती आणि त्या जागी 'धैर्य' आलं होतं; इथे आकडा मोठा तितका धीर मोठा, आणि फासा त्याच्या आत पडला पाहिजे. म्हणजे जुनी भीती विसातून वजा केली की नवं धैर्य. सरदाराच्या सातांचे तेरा झाले, माझ्या बारांचे आठ.

मशालजीचा कागद तयार झाल्यावर वन्सं तो घेऊन जावयाकडे गेल्या. त्याने वाचला, पुन्हा वाचला, पुस्तक काढून एकेक नियम ताडून पाहिला.

"ठिगळ लावलंत, ताई."

"ठिगळ वरून लावतात, जावईबापू. ही कळी आहे. तुमच्याच कापडाची."

तो हसला, पण मान हलवेना. आज मशालजी आला तर उद्या दुसरा कुणी आपल्या आजोबांचा घोडा घेऊन येईल, असं त्याचं म्हणणं. तेव्हा वन्संनी पैज टाकली. येत्या सुट्टीला दुकानात सगळ्यांसाठी खुली बैठक होती आणि सूत्रधार जावई स्वतः होणार होता. "त्या बैठकीत याला उतरवा. कागदावर आहे तसा. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमचंच पुस्तक. कुठे एका ओळीला धक्का लागला किंवा हा मधेच गळाला, तर कागद मी माझ्या हाताने फाडीन आणि मशालजीचं नाव या खोलीत पुन्हा काढणार नाही. टिकला तर त्याची जागा कायमची."

"कागदावर आहे तसा," जावई म्हणाला. "खेळ सुरू झाल्यावर आकडे बदलायचे नाहीत. तो नियम सगळ्यांना आहे."

"मला तर आहेच," वन्सं म्हणाल्या.

त्या दिवशी कंपाउंडर आले. इस्त्रीचा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले. शाळेत पहिल्यांदा निघालेल्या पोरासारखे दारात थांबले, तेव्हा वन्संनी त्यांना दंडाला धरून आत आणलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसल्या. खेळायला हे, मी आणि कंपाउंडर, तीन नवी माणसं, आणि समोर जावई; वन्सं नुसत्या बघायला. नव्या तिघांच्या पात्रांची नावं एवढी लांबलचक होती की मला एकही आठवत नाही. एकीने विचारलं, "मशालजी म्हणजे नक्की काय करतो?"

"उभा राहतो," कंपाउंडर म्हणाले.

गोष्ट एका सोडून दिलेल्या खाणीची होती. आम्ही खाली खाली गेलो. प्रत्येकाने मंत्राचा उजेड लावलेला, खाण नुसती लखलखत होती, आणि त्या लखलखाटात कंपाउंडरांची मशाल म्हणजे गरीब पाहुणी. नवे लोक त्यांना काही बोलले नाहीत, पण विचारतही नव्हते. मी पुन्हा पुन्हा वन्संकडे बघत होते. त्यांचा चेहरा मात्र शिवण तपासताना असतो तसा.

खाणीच्या तळाशी एक सावली राहत होती. मंत्राचा उजेड पिऊन टाकणारी. ही जावयाची युक्ती नव्हे, ती त्याच्या छापील गोष्टीतच होती. सगळ्यांचे उजेड एका झटक्यात विझले आणि राहिली ती तेला-चिंध्यांची मशाल. सगळ्यांची तोंडं कंपाउंडरांकडे वळली.

"आता धैर्याचे फासे," जावई म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी टाकले आणि कसेबसे तगलो. कंपाउंडरांच्या फाशावर अकरा पडले. हे हसून खुर्चीला टेकले. अकरा म्हणजे मशालजीला पोरखेळ.

जावयाने कागद जवळ ओढला. "धैर्य दोन," त्याने वाचलं. "अकरा दोनांच्या आत नाहीत. मशालजी घाबरला."

मी कागदाकडे पाहिलं. बाकीचे सगळे आकडे नव्या मापाचे होते, आणि धैर्यापुढे वन्संच्या गोल अक्षरात स्पष्ट दोन. वजा करायचे राहिले होते. सरदाराचे केले, चोराचे केले, आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप मांडला त्याचेच राहिले. मला कळलं कसं ते. रोजच्या गिऱ्हाइकाचं माप कुणी घेत नाही. हात आपोआप कापतो. मशालजी दोन हे वन्संच्या हाताला इतकं पाठ होतं की तो आकडा त्यांनी मोजून नाही, नाव लिहावं तसा लिहिला.

वन्सं उभ्या राहिल्या. "चूक माझी आहे. अठरा पाहिजेत."

"ताई, ठरलं होतं," जावई म्हणाला. त्याला आनंद झाला नव्हता, ते दिसत होतं. पण नवे तिघं बघत होते आणि पाटी त्याच भिंतीवर होती.

"ठरलं होतं," वन्सं म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी त्यांना कधी असं बसताना पाहिलं नव्हतं.

त्या गप्प बसल्या, मी बसले नाही. मी जावयाला विचारलं, एका आकड्याच्या चुकीने माणूस भित्रा होतो का, दुकानाच्या बिलात चूक झाली तर तूही तसंच म्हणतोस का, आणि आणखी बरंच काही, जे ह्यांनी टेबलाखालून माझा पाय दाबल्यामुळे अर्धवट राहिलं. तो शांतपणे म्हणाला, "काकू, मी माझ्या मनाचं काही सांगत नाही. पुस्तक वाचून दाखवतो." आणि त्याने वाचलं: "घाबरलेलं पात्र दिसेल त्या सर्वांत जवळच्या उजेडाकडे पळतं. तिथे पोचल्यावर भीती सरेपर्यंत जागचं हलत नाही."

"म्हणजे खाणीच्या तोंडाशी," नव्यांतला एक जण म्हणाला. "तिथे दिवस आहे." आणि त्याच्या ध्यानात आलं. मशाल गेली म्हणजे खाली काळोख, आणि काळोखात सावली आम्हाला एकेक करून गिळणार. मशालजी तर गळालाच, आम्हीही गेलो. वन्संचा हात कागदाकडे गेला. फाडीन म्हटलं म्हणजे त्या फाडणारच.

"परत वाचता का?" कंपाउंडरांनी विचारलं.

जावयाने परत वाचलं.

"सर्वांत जवळचा उजेड."

"हो, काका."

"तो माझ्या हातात आहे."

जावयाने पुस्तकातून मान वर केली.

"मी घाबरलो," कंपाउंडर म्हणाले. ते नेहमीच्याच हळू आवाजात बोलत होते, पण थांबत नव्हते. "तुम्ही म्हणता तसा घाबरलो. पळायचं तर जवळच्या उजेडाकडे. तिथे मी पोचलेलोच आहे. आता जागचं हलायचं नाही, असं तुमच्या पुस्तकात आहे. मग मी हलत नाही. हात कापतोय, तेवढं लिहून घ्या."

जावयाने पान उलटून पुढे काही अपवाद दिलाय का ते पाहिलं. मागचं पान पाहिलं. खरं सांगते, त्याने प्रामाणिकपणे शोधलं, आणि मिळालं नाही तेव्हा प्रामाणिकपणे पुस्तक खाली ठेवलं. "बरोबर आहे," म्हणाला. "त्याला हलता येणार नाही."

मग आम्ही लढलो. एवढी जिद्दीची लढाई मी त्या टेबलावर पाहिलेली नाही. सावली पुन्हा पुन्हा मशालीकडे झेपावत होती, आणि नवे तिघं, ज्यांनी सगळी दुपार कंपाउंडरांना काही विचारलं नव्हतं, ते त्यांच्याभोवती कडं करून उभे होते. दर फेरीला कुणीतरी विचारायचं, "मशालजी उभा आहे ना?" आणि कंपाउंडर सांगायचे, "उभा आहे. घाबरलेला आहे." भीती काही सरत नव्हती, दर वेळी फासा दोनांच्या वरच पडत होता. हे दोनदा खुर्चीवरून उठले. शेवटचा घाव त्या लांबलचक नावाच्या बाईने घातला, मशालीच्या दोनांची भर घालून, आणि नेमके ते दोनच तिला कमी पडत होते.

सावली मेल्यावर सगळे एकदमच बोलायला लागले. मला रडू येत होतं, म्हणून मी ह्यांना पाणी आणायला पिटाळलं. जावयाने मशालजीचा कागद उचलला, खाली सही केली आणि वन्संपुढे धरला.

"जागा पक्की, ताई. तेवढा तो आकडा आत्ताच अठरा करून टाका. आता बैठक संपली, चालेल. नव्या नियमात दोन धैर्य म्हणजे मरणच आहे, दर वेळी असं निभावायचं नाही."

वन्संनी खोडरबर काढलाच होता. आयुष्यात चुकलेली शिवण त्यांनी तशी ठेवलेली नाही. पण कागदावर कंपाउंडरांचा पंजा आला.

"नाही," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता.

"काका, मरेल तो," जावई म्हणाला.

"मरेल तेव्हा मरेल. इतकी वर्षं त्याला भीती वाटतच नव्हती, मग तो उभा राहायचा त्यात नवल ते काय? मला जन्मभर भीती वाटत आलीय. डॉक्टरांची वाटते, रांगेची वाटते, आज इथे यायची वाटली. हा माझा आहे. हाच ठेवा."

वन्संनी खोडरबर पिशवीत टाकला. जावयाच्या खिशाचं पेन त्याला न विचारताच काढून घेतलं, कंपाउंडरांचा हात कागदावरून हलकेच बाजूला केला, आणि पेन्सिलीने चुकून लिहिलेला तो दोन शाईने गिरवून ठळक केला.